शिक्षकांचा चीन अभ्यासदौरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजिंग, शिजियाझुआंग, शिआन आणि शांघाय असा या दौऱ्याचा मार्ग आहे. शिक्षकमंडळी फोनवर, प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, अगदी लग्नाच्या पंगतीतही जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे सांगण्यासारखंच जास्त होतं.

ही सहल आहे की प्रशिक्षण?

सहलच, फक्त मधले काही दिवस शाळांमध्ये जातात. वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाशी याचा काहीही संबंध नाही. केवळ प्रमाणपत्रासाठी येणार असाल तर पैसे वाचवा.

कोणत्या महिन्यात जावं?

मे महिन्याच्या मध्यावर, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. आपल्याला उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा चिनी शाळा भरात असतात. तिथलं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि दुसरं सत्र जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतं. त्यामुळे रजा न टाकता भरलेली शाळा बघायला मिळते. युरोपातल्या शिक्षकांना हे सुख नाही, त्यांची आणि चिनी शाळांची उन्हाळी सुट्टी एकाच वेळी पडते.

टाळायचे दिवस तीन. 1 मेच्या आसपासची कामगार दिनाची सुट्टी, 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा (या दोन्ही वेळी अख्खा देश फिरायला निघालेला असतो) आणि 7 जूनपासूनचे गाओकाओ या पदवीप्रवेश परीक्षेचे दिवस. चिनी नववर्षाच्या सुमारास महिनाभर शाळा बंदच असतात. आणखी एक: एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत बीजिंगमध्ये पॉप्लर आणि विलोच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत असतो. फोटोत छान दिसतो, पण दमा असेल तर मास्क आणि पंप जवळ ठेवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. परवानगी लागते का?

लागते. सुट्टीत जात असलात तरी परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अनुदानित शाळेतल्यांनी संस्थेमार्फत अर्ज करावा. फाईल किती टेबलांवरून फिरते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, म्हणून मेमध्ये जायचं असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. परवानगी हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका.

चीनमध्ये आता व्हिसा लागत नाही म्हणतात, खरं का?

काही देशांच्या नागरिकांना लागत नाही. भारतीय पासपोर्टला लागतो, आणि यूट्यूबवर दिसणाऱ्या दहा दिवसांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटच्या यादीतही भारत नाही. पर्यटनासाठी एल व्हिसा असतो, तर निमंत्रणावरून होणाऱ्या अभ्यासभेटींसाठी एफ. यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र कसं आहे त्यावर कोणता घ्यायचा ते ठरतं. अर्जात शाळाभेट लपवू नका.

2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा 2025 च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. तरी महाराष्ट्रातून जाणारे अनेक जण हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गेच जातात. तेव्हा दर आणि मधला थांबा दोन्ही बघून ठरवावं.

रस्त्यात दिसलेल्या शाळेत सहज डोकावता येईल का?

नाही. फाटकावर सुरक्षारक्षक असतात आणि पालकांनाही बाहेरच्या रेषेपाशी थांबावं लागतं. परदेशी पाहुण्यांची भेट स्थानिक शिक्षण विभागाच्या संमतीने, नावांची यादी आधी देऊन ठरते. आयत्या वेळी गटात नवं नाव घुसवता येत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि विचारून काढले तरी स्टेटसला लावायचे नाहीत.

शाळेत नेमकं काय दिसतं?

पहिलं दिसतं ते मैदान. सकाळच्या मोठ्या सुट्टीत सगळी शाळा रांगेत येऊन ध्वनिक्षेपकावरच्या संगीतावर कवायत करते. ही प्रथा 1951 पासूनची. सोमवारी ध्वजारोहण असतं. आपल्या परिपाठाची सवय असलेल्यांना हे अजिबात परकं वाटत नाही.

प्राथमिकचा तास साधारण 40 मिनिटांचा, शांघायमध्ये 35. बाई वर्गात येतात, मुलं उभी राहून एका सुरात ‘लाओशी हाओ’ म्हणतात, म्हणजे ‘नमस्ते बाई’. मग बसताना दोन्ही हात बाकावर एकावर एक घडी. उत्तर द्यायचं असेल तर कोपर बाकावरून न उचलता फक्त पुढचा हात उभा करायचा. पहिलीतल्या चिमुरड्यांचे चाळीसेक हात असे एकदम उभे राहिले की आपल्यातला एखादा तरी ‘काय शिस्त आहे!’ म्हणतोच. पण नजर तिथेच अडकू देऊ नका. उत्तर चुकलं की पुढे काय होतं ते बघा. बऱ्याचदा बाई चूक करणाऱ्याला खाली बसवत नाहीत. त्याचं उत्तर फळ्यावर लिहून बाकीच्यांना विचारतात, हा असा विचार का करत असेल?

मग डोळ्यांचे व्यायाम. तासांच्या मध्ये संगीत लागतं, मुलं डोळे मिटून भुवयांपाशी, नाकाच्या मुळाशी बोटांनी दाबत राहतात. 1963 मध्ये बीजिंगमध्ये याची सुरुवात झाली. त्याने चष्मा टळतो का यावर तिथेही वाद आहेत, कारण लहान मुलांमधली लघुदृष्टी, म्हणजे लांबचं नीट न दिसणं, हा तिथला मोठा प्रश्न आहे. पण त्या पाच मिनिटांत वर्ग शांत होतो, हे आपल्या डोळ्यांना दिसतं.

दुपारी अनेक शाळांत मुलंच जेवण वाढतात, मुलंच फरशी पुसतात. जेवणानंतर डोकं टेकून वामकुक्षी. काही नव्या शाळांत खुर्च्या मागे कलून आडवं होता येतं.

पटसंख्येबद्दल सगळे विचारतात. सरकारी मर्यादा प्राथमिकला 45 आणि माध्यमिकला 50. म्हणजे ‘त्यांच्याकडे वीस मुलं असतील, त्यांना काय जातंय’ ही आपली पळवाट बंद.

स्मार्ट बोर्ड, रोबोटिक्स लॅब वगैरे दाखवतात का?

दाखवतात, हौसेने दाखवतात. बघा आणि पुढे चला.

मग शिकण्यासारखं काय आहे?

शिक्षक कक्ष. आमचं ठाम मत आहे की दौऱ्याचे पैसे तिथे वसूल होतात, म्हणून यजमानांशी पत्रव्यवहार करतानाच शिक्षक कक्षात बसण्याची वेळ मागून घेतो. हॉलमधलं स्वागताचं भाषण कमी केलं तरी चालेल, असंही कळवतो. भाषण कमी होत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिथल्या शिक्षक कक्षात एकाच विषयाचे आणि बहुतेक वेळा एकाच इयत्तेचे शिक्षक जवळजवळ बसतात. पहिलीपासूनच गणिताला वेगळे शिक्षक आणि चिनी भाषेला वेगळे. शहरी शाळेत एका शिक्षकाचे दिवसाला साधारण दोन-तीनच तास असतात. हे ऐकून आपल्याकडचे हसतात, ‘मजा आहे राव.’ पण उरलेल्या वेळात वह्या तपासणं, मागे पडलेल्या मुलाला टेबलाशी बोलावून समजावणं आणि एकत्र बसून पाठ तयार करणं, हे सगळं तिथेच चालतं. वर्गशिक्षक असेल तर पालकांचे फोन वेगळे.

प्रत्येक विषयाचा अध्यापन-संशोधन गट असतो आणि तो ठरलेल्या वेळी बसतो. आपल्या केंद्रावर शिक्षण परिषद होते, पण तिथे परिपत्रकं वाचण्यात आणि माहिती भरण्यात किती वेळ जातो ते आपण जाणतो. चिनी गटात चर्चेला विषय असतो एक पाठ. उदाहरणार्थ, चौथीला अपूर्णांकांची तुलना शिकवताना पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं? अर्धी पोळी की दोरीचा तुकडा? एक शिक्षक तो पाठ घेतो, बाकीचे वर्गाच्या मागे लहान स्टुलांवर वही घेऊन बसतात. प्रश्न कोणता विचारला, किती मुलं बोलली, फळ्याची मांडणी कशी झाली, सगळं लिहून घेतात. फळा तास संपेपर्यंत पुसायचा नसतो. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की सगळा पाठ उलगडला पाहिजे. नंतर चर्चा होते आणि ती गुळमुळीत नसते. पाठ दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घेतला जातो. कधी दोन शिक्षक तोच पाठ आपापल्या पद्धतीने घेतात आणि बाकीचे दोन्ही बघतात.

हे सगळं उत्साहापोटी चालतं असा गैरसमज नको. शिक्षकांच्या पाच व्यावसायिक श्रेणी आहेत आणि वर चढण्यासाठी इतरांसमोर पाठ घ्यावे लागतात, लेख लिहावे लागतात. या चढाओढीचा ताणही असतो. मोकळेपणी बोलणारे शिक्षक भेटले तर तेही सांगतात. शाळाबाह्य कामं, तपासण्या, मोबाइलवर भरायच्या माहितीचे तक्ते यांनी तेही वैतागलेले असतात. या विषयावर दोन्ही देशांच्या शिक्षकांची इतकी गट्टी जमते की दुभाष्याला दम खायला वेळ मिळत नाही.

ज्यांना गणितात रस आहे त्यांनी चिंगपूबद्दल आधी वाचून यावं. शांघायमध्ये मोडणारा हा भाग 1970 च्या दशकाअखेर शेतीवाडीचा तालुका होता आणि गणिताच्या निकालात तळाशी. गू लिंगयुआन या गणित शिक्षकाने तिथल्या वर्गांत बसून, चांगलं शिकवणारे नेमकं काय करतात ते टिपून घेतलं, बाकीच्या शाळांत करून बघितलं आणि काही वर्षांत त्या भागाचा निकाल पालटला. एकाच प्रश्नाचं रूप थोडं थोडं बदलत मुलांना कल्पनेच्या गाभ्याशी नेण्याची पद्धत या कामातून पुढे आली. 2014 पासून इंग्लंडने शांघायशी गणित शिक्षकांची देवाणघेवाण सुरू केली, तेव्हा त्यांचंही लक्ष याच पद्धतीकडे होतं.

आपल्याला दाखवतात ती शाळा सजवलेली असते ना?

असते. आपल्याकडे शिक्षणाधिकारी येणार म्हटल्यावर काय होतं? तसंच. आणि सजावट सोडली तरी बीजिंग-शांघायची नामवंत शाळा म्हणजे चीन नव्हे. 2009 आणि 2012 च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) पहिली आली ती शांघायची मुलं. 2018 मध्ये बीजिंग, शांघाय, जियांगसू आणि झेजियांग या चार श्रीमंत भागांची. दूरच्या डोंगराळ प्रांतांतली मुलं त्यात नव्हतीच.

शहरात कामाला आलेल्या मजुरांच्या मुलांचा प्रश्न जरूर विचारा. तिथे हुकोऊ नावाची कुटुंबनोंदणी असते. नोंद गावाकडची असेल तर मोठ्या शहरात शाळाप्रवेशाला अडचणी येतात, आणि प्रवेश परीक्षेसाठी अनेकांना गावी परतावं लागतं. लाखो मुलं त्यामुळे आजी-आजोबांकडे गावातच वाढतात. ऊसतोड मजुरांची मुलं शिकवणाऱ्या बीड-अहिल्यानगरकडच्या शिक्षकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

गाओकाओ म्हणजे त्यांची बारावी का?

बारावी आणि नीट-जेईई एकत्र केल्यासारखं. पदवीच्या प्रवेशाची ही राष्ट्रीय परीक्षा. बहुतेक ठिकाणी 750 गुणांची, त्यात चिनी, गणित आणि परकीय भाषा प्रत्येकी 150. 2024 मध्ये 1 कोटी 34 लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली होती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती बंद होती, 1977 च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी शेतातून, कारखान्यांतून आलेली तिशीतली माणसंही परीक्षेला बसली. आज तिथे निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या पिढीत अनेकांचं आयुष्य त्या एका परीक्षेने वळवलेलं आहे. परीक्षेच्या सकाळी शुभशकुन म्हणून ची-पाओ हा पारंपरिक पोशाख घालून आया फाटकाशी उभ्या राहतात.

पालक मात्र त्याआधीच्या परीक्षेला जास्त घाबरतात. सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं, 1986 च्या कायद्याने. त्यानंतर ‘चोंगकाओ’ होते आणि तिथे मुलं दोन वाटांना लागतात: उच्च माध्यमिक किंवा व्यवसाय शिक्षण. बरीच वर्षं सरकारी धोरण निम्मी इकडे, निम्मी तिकडे असं होतं. पंधराव्या वर्षी मुलाची वाट ठरणं आई-बापांना किती जड जातं, हे तिथल्या पालकांशी बोलल्यावर कळतं.

तिथे क्लासेसवर बंदी आहे, हे खरं?

जुलै 2021 मध्ये ‘दुहेरी कपात’ धोरण आलं. शालेय विषयांच्या खासगी शिकवण्या नफ्यासाठी चालवायला मनाई झाली. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत त्या घ्यायच्या नाहीत असं ठरलं. गृहपाठावरही मर्यादा आली: पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावीला तासाभराचा, पुढच्या तीन इयत्तांना दीड तासाचा. मुलं शाळेतच उशिरापर्यंत थांबून अभ्यास आणि छंद करू लागली. मोठमोठ्या क्लास कंपन्या एका रात्रीत बसल्या. पण परीक्षा तीच राहिली, त्यामुळे चोरून शिकवण्या चालतात आणि त्या महाग झाल्या. लातूर पॅटर्न बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

संस्कृती म्हणून काय बघायचं? चीनची भिंत आहे ना?

आहे. मुतियान्यू भागात जातो, तिथे रोपवे आहे. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो आणि तिकीट पासपोर्ट क्रमांकावर आधीच काढावं लागतं.

पण शिक्षकांनी चुकवू नये अशी जागा म्हणजे बीजिंगचं कन्फ्यूशियस मंदिर आणि शेजारची ग्वोझीजियान, म्हणजे जुनी राजविद्यापीठाची वास्तू. आवारात 198 उंच शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर राजपरीक्षेच्या, म्हणजे राजदरबारासाठी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेच्या, शेवटच्या पायरीवर उत्तीर्ण झालेल्या 51 हजारांहून अधिक लोकांची नावं, गावांसकट, कोरलेली आहेत. ही परीक्षा 1905 मध्ये बंद झाली. परीक्षेचं चिनी वेड कुठून येतं हे तिथे न सांगता कळतं. शाळेतल्या बोर्डावरच्या ‘गुणवंत विद्यार्थी’ यादीची इतकी टिकाऊ आवृत्ती दुसरीकडे नसेल.

शिआनला सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांआधी शिलालेखांच्या संग्रहालयात नेतो. तिथे 837 साली पूर्ण झालेली दगडी पाठ्यपुस्तकं आहेत. अभिजात ग्रंथांचा प्रमाण पाठ सगळ्यांना मिळावा म्हणून 114 शिळांच्या दोन्ही बाजूंवर तो कोरून ठेवला. याच शहरात 652 साली बांधलेला मोठा हंस पॅगोडा आहे. भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी युआन श्वांगने तो उभारून घेतला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन ‘इथले लोक उपकाराला जागतात आणि अपमान विसरत नाहीत’ अशा अर्थाचं लिहून गेलेला प्रवासी तो हाच.

शिजियाझुआंग कशासाठी? तिथे काय आहे?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. शस्त्रक्रिया करता करता ते तिथल्या वैद्यकीय विद्यालयात शिकवत, तेही चिनी भाषा शिकून. 9 डिसेंबर 1942 ला, 32 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. हुतात्मा स्मारकाच्या बागेत चीनमध्ये सेवा केलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्याप्रमाणे त्यांचीही समाधी आहे. तिथे त्यांना ‘के दिहुआ’ म्हणतात आणि शाळकरी मुलांना ते नाव शिकवलं जातं. बीजिंगहून वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत पोचतो, आणि शिआनची गाडी तिथूनच पुढे मिळते.

मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी नाही, पण कंटाळाल. अडचण मांसाच्या तुकड्यांची कमी आणि न दिसणाऱ्या गोष्टींची जास्त: ऑयस्टर सॉस, चिकन पावडर, घेवड्यात घातलेला खिमा. चिनी लिपीत सविस्तर लिहिलेलं कार्ड प्रत्येकाला देतो, ते वाढप्याच्या हातात द्यायचं. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची परतलेली भाजी उत्तर चीनमध्ये सगळीकडे मिळते. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं तारून नेतं. बौद्ध मंदिरांलगतची शाकाहारी हॉटेलं उत्तम; तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळी खूश होतात.

दशम्या, कोरडी चटणी, भाजलेला चिवडा आणा. दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळं आणि बियाणं चीनमध्ये न्यायला मनाई आहे, म्हणजे पेढे, तूप, श्रीखंडाच्या गोळ्या घरीच ठेवा. गरम पाणी मात्र हॉटेलात, स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात, शाळेत सगळीकडे फुकट मिळतं. थंड पाणी मागितलं तर लोक काळजीने बघतात.

व्हॉट्सअॅप चालतं का? पैसे कसे द्यायचे?

तिथल्या इंटरनेटवर व्हॉट्सअॅप, जीमेल, गुगल, यूट्यूब बंद. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर बहुतेक वेळा चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीकडून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. वीचॅट (तिथलं व्हॉट्सअॅप म्हणा) निघण्याआधीच सुरू करून ठेवा.

भाजीवालीपासून मंदिरापर्यंत सगळे क्यूआर कोडवर पैसे घेतात. आपलं यूपीआय तिथे गृहीत धरू नका. अलीपे या तिथल्या पैसे देण्याच्या अॅपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि बँकेला सांगून परदेशी व्यवहार चालू करून घ्या. थोडे रोख युआन असू द्या. पॉवर बँकेवर चीनचं ‘थ्री-सी’ (CCC) हे सुरक्षा-प्रमाणनाचं चिन्ह नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत. हा नियम जून 2025 पासूनचा.

यजमान शाळेला भेट काय द्यावी?

वारली चित्र, मुलांनी काढलेली चित्रं, पैठणीच्या कापडाची पुस्तकखूण. दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची. भिंतीवरचं घड्याळ देऊ नका, तिथे ते अशुभ मानतात. आणि भारताचा नकाशा, पृथ्वीगोल, शालेय अॅटलास अजिबात नको. आपल्या आणि त्यांच्या नकाशांतल्या सीमा जुळत नाहीत. असा नकाशा सामानात सापडला तर सीमाशुल्कवाले काढून घेतात. हे भूगोलाच्या शिक्षकांना दोनदा सांगावं लागतं.

सीमेवरून कुणी बोललं तर?

सहसा कुणी बोलत नाही. आपणही शाळेत तिबेट, तैवान, तिआनमेन हे विषय काढायचे नाहीत. आपण जाऊ परत, उत्तर देणाऱ्या शिक्षकाला तिथेच राहायचं असतं. गप्पांना विषय हवाच असेल तर आमिर खानचं नाव काढा.

स्वच्छतागृहं?

सार्वजनिक ठिकाणी बहुतेक बैठी, आपल्याला सोयीची. पाणी नसतं आणि कागदही असेलच असं नाही. टिश्यू आणि छोटी बाटली पिशवीत कायम.

सोबत पती किंवा पत्नी आली तर चालेल का?

शहरं बघायला जरूर. शाळाभेटीच्या दिवशी ज्यांचं नाव यादीत नाही त्यांच्यासाठी बागेत किंवा बाजारात वेगळी सोय असते. बहुतेक जोड्यांत संध्याकाळी जास्त थकलेला असतो तो बाजारात गेलेलाच.